'भाऊ' म्हटल्यावर बहीण कुठे जाते?

कामगार भावंडांनो,

मागे एका गेटमीटिंगला आम्ही 'भावांनो' म्हणून सुरवात केली, तर वाइंडिंग खात्यातल्या एका बाईंनी खालूनच विचारले, "दादा, बोनस काय फक्त भावांनाच?" आम्ही म्हणालो, "बाई, भाऊ म्हटलं की बहीण आलीच." त्या म्हणाल्या, "मग बहिणींनो म्हणा, भाऊ आलेच समजू." सगळे हसले. आम्हांला मात्र उत्तर सुचेना.

आमची शाळा चवथीपर्यंतची. म्हणून रात्रशाळेच्या मास्तरांना गाठले. ते म्हणाले, हा तंटा फार जुना आहे.

मूळ शब्द 'भ्रातृ'. प्राकृतात त्याचा 'भाउ' झाला, आपला 'भाऊ' तिथलाच. इंग्रजांचा 'ब्रदर', रशियनांचा 'ब्रात', इराण्यांचा 'बिरादर' ही संस्कृतची लेकरे नव्हेत बरं का. सगळी एकाच जुन्या भाषेची नातवंडे. ग्रीकांत तर 'फ्रातेर' म्हणजे सख्खा भाऊ नव्हेच, एका बिरादरीतला माणूस! सख्ख्याला ते 'अदेल्फोस' म्हणत, म्हंजे एका उदरातला. आणि 'बिरादरी' हा शब्दही 'बिरादर'चाच. एका खात्यात घाम गाळणाऱ्यांना आपण भाऊ म्हणतो, ते काही उगाच नाही.

आता व्याकरण. संस्कृतात दोघांसाठी वेगळे वचन असते. एक 'भ्राता', दोघे 'भ्रातरौ', तिघे-चौघे 'भ्रातरः'. पण एक भाऊ नि एक बहीण असली तर? तरीही 'भ्रातरौ'च! सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी पाणिनीने तसे सूत्रच लिहून ठेवले : भाऊ-बहीण एकत्र सांगताना भावाचा शब्द उरतो. ह्याला 'एकशेष' म्हणतात. पोरगा-पोरगी मिळून 'पुत्रौ', तोच न्याय. आईच्या बाबतीत मात्र सवलत आहे. 'पितरौ' म्हणा, नाहीतर 'मातापितरौ'; तिथे आई पहिली. बहिणीला ती सवलत नाही. म्हणजे मोजताना बहीण धरली, पण हजेरीपटावर नाव भावाचे. पगाराच्या दिवशी असा पट निघाला तर आपण चालू देऊ काय?

(ह्याच शब्दावरून 'भ्रातृव्य' होतो. त्याचा एक अर्थ पुतण्या, दुसरा वैरी. ज्यांच्या गावी वाटणीचे खटले चालू आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.)

मराठीने दुसरी वाट काढली. आपल्याकडे 'भावंड' आहे. तो भाऊ, ती बहीण, पण 'ते भावंड', नपुंसकलिंगी, दोघांनाही चालते. पुढे 'भाव'च बसलाय म्हणा, पण बहीण उघड आत आहे.

त्यानंतरच्या मीटिंगला आम्ही 'भावंडांनो' म्हणालो. त्या बाई पुढेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "हं, आता बोनसचं बोला."