घराच्या कागदांचा वकील

(जालना येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

करिअरवर बोलायला सॉफ्टवेअर इंजिनिअरला बोलावलं की सगळ्यांना वाटतं, आता हा कोडिंग आणि एआयवर बोलणार. मी आज वकिलीवर बोलणार आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या वकिलीवर नाही, तर गृहनिर्माण सोसायट्यांची कामं करणाऱ्या वकिलीवर.

मी वकील नाही. मी जालन्याचाच. इंजिनिअरिंग करून पुण्याला गेलो, तिथं फ्लॅट घेतला आणि चार वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव आहे. त्यामुळे एका माणसाचं काम जवळून पाहायला मिळालं, ते म्हणजे आमच्या सोसायटीचे वकील. थकबाकीची नोटीस, पार्किंगचा वाद, वरच्या घरातून खाली होणारी गळती, वार्षिक सभेचं इतिवृत्त, हे त्यांचं रोजचं काम. यातलं बरंचसं कोर्टापर्यंत जातच नाही. वेळेवर नीट लिहिलेलं एक पत्र भांडण मिटवतं. आमच्या क्षेत्रात सिस्टिम बंद पडू न देणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, तसंच हे आहे.

तुम्ही म्हणाल, पुण्या-मुंबईचं ठीक आहे, जालन्यात याचं काय काम? २०२३ मध्ये आपल्या शहराची महानगरपालिका झाली. जुन्या घरांच्या आणि मोकळ्या प्लॉटच्या जागी अपार्टमेंट उभी राहतायत. आज घरी गेल्यावर एवढंच विचारा : आपल्या इमारतीची सोसायटी नोंदलेली आहे का? इमारतीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे? पुष्कळ घरांत उत्तर येईल, 'खरेदीखत आहे ना, मग झालं.' तेवढ्यानं होत नाही. फ्लॅट तुमचा आणि जमीन बिल्डरची, अशी अवस्था वर्षानुवर्षं राहू शकते. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ आली की प्रश्न जमिनीचाच येतो.

कायदा मात्र जुना आहे. १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, सांगतो की संस्था स्थापन करून देणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत त्यानं जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं. तो देत नसेल, सापडत नसेल, तर २००८ च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरणाची वाट दिली. त्याचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. लहान इमारत म्हणून अडतही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थेला किमान पाच सभासद पुरतात. आणि लहान इमारतीलाच याची जास्त गरज आहे, कारण जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर त्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. म्हणजे तिथले कागद पाहणारा जाणकार माणूस हवाच.

आता आपल्याला जास्त झोंबणारी गोष्ट. आपल्यातल्या अनेकांना नाव सांगितलं की फ्लॅट 'आत्ताच गेला' असं ऐकावं लागतं. यावर आपण संतापतो, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो. घराच्या कागदांचा वकील मात्र आधी विचारतो, 'यांचे नोंदणीकृत उपविधी काय म्हणतात?' अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. तो निकाल आपल्याला आवडो न आवडो, नीट वाचला पाहिजे. तिथं अट नोंदणीकृत उपविधीत लिहिलेली होती. ज्या सोसायटीच्या उपविधीत अशी अट नाही, तिथं कमिटीचा तोंडी 'नाही' कशावर उभा आहे? म्हणून अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, तारीख जपायची. सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. नकार आला, तर निबंधकांकडे दाद मागता येते. पोच नसेल, तर हे तीन महिने मोजणार कुठून?

आणि एक गोष्ट आपल्याच घरातली. अब्बांनी फ्लॅटला मोठ्या मुलाचं नामनिर्देशन केलं. अब्बांचा इंतकाल झाला. मुलगा म्हणतो, 'फ्लॅट माझा.' नाही. नामनिर्देशनानं मालकी मिळत नाही. २०१९ पासून आपल्या सहकार कायद्यात असा माणूस वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो, हे स्पष्ट लिहिलंय. शरियतनं अम्मीचा आणि बहिणींचा हिस्सा ठरवून दिलाय. मुलं असतील तर पत्नीचा आठवा. तो हिस्सा जुम्म्याच्या बयानात ऐकायचा आणि सोसायटीच्या फॉर्मवर विसरायचा, असं चालत नाही. इथं खमका वकील कुणाच्या बाजूचा? कागदाच्या. आणि बऱ्याचदा कागद बहिणीच्या बाजूचा असतो.

म्हणून मी म्हणतो, आपल्यातून असे वकील आणि वकिलीणबाई तयार व्हाव्यात. बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन वर्षं, आणि दोन्हीला सीईटी आहे. सनदेच्या फीची धास्ती होती, तीही कमी झालीय : जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कायद्यात ठरलेल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही, आणि ती सर्वसाधारण वर्गाला ७५० रुपये आहे. पुढे अखिल भारतीय परीक्षा. त्यानंतरची खरी शाळा म्हणजे उपनिबंधक कार्यालयाचा व्हरांडा, सातबारा, मिळकत पत्रिका, अकृषिक आदेश, गुंठेवारीची फाईल. हे सगळं मराठीत असतं. मराठी वाचणारा, लिहिणारा आणि मोहल्ल्यात उर्दूत समजावून सांगणारा वकील, ही तुमची जमेची बाजू आहे.

पैसा लगेच येत नाही, हेही सांगतो. वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे. एका सोसायटीचं काम चोख केलं की तिथला सचिव दुसऱ्या सोसायटीला नाव सांगतो. हळूहळू जम बसतो. पण बसला की टिकतो, कारण इमारत आहे तोवर काम आहे. आणि तुमचा पक्षकार म्हणजे अख्खी इमारत असते. तिच्यात जोशीकाका असतात, शेखचाचा असतात, कांबळेताई असतात. सगळ्यांची टाकी एक, जिना एक, जमीन एक. नागरिक म्हणून एकत्र राहायचं म्हणजे काय, ते मी भाषणांपेक्षा अशा सभांतच जास्त शिकलो.

ज्यांना वकील व्हायचं नाही, त्यांच्यासाठी एकच काम. या रविवारी घरातली कागदांची पिशवी काढा. खरेदीखत, शेअर सर्टिफिकेट, नामनिर्देशन, कराची पावती. जे नाही, त्याची यादी करा. ती यादी घेऊन इमारतीतल्या चार घरांत जा. सोसायटीची सुरुवात तिथूनच होते.