लेसर शलाका आणि हवेतील भोवरे

उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यापलीकडची झाडे थरथरताना दिसतात. वस्तुतः थरथरते ती मधली हवा. लेसर शलाकेतून संदेश पाठविणाऱ्या अभियंत्यांपुढे याच थरथरीने बिकट प्रश्न उभा केला आहे.

हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००३ असतो. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तो जेमतेम दहा लाखांत एक भाग इतका घटतो. फरक क्षुल्लक खरा. परंतु शलाका कित्येक किलोमीटर जाते तेव्हा त्याचे परिणाम साचत जातात. तापलेल्या जमिनीवरून चढणारी हवा थंड हवेत मिसळताना मोठे भोवरे उठतात, त्यांतून लहान भोवरे फुटतात आणि अखेर त्यांची गती उष्णतेत विरते. या क्रियेची गणिती मांडणी रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ साली केली.

प्रत्येक भोवरा दुबळ्या भिंगाचे काम करतो. मोठे भोवरे संपूर्ण शलाकेला हेलकावे देतात, तर लहान भोवरे तिच्यात तेजस्वी व अंधुक ठिपके निर्माण करतात. परिणामी, ग्राहकयंत्रावरील प्रकाशाची तीव्रता सेकंदात अनेक वेळा कमीजास्त होते. तारे लुकलुकतात तेही याच कारणाने. खळबळ सौम्य असताना अंतर दुप्पट केल्यास चढउतारांचे विचरण सुमारे साडेतीनपट होते. खळबळ फार तीव्र झाल्यावर मात्र ही वाढ थांबते.

यावर उपाय आहेत. यंत्रे उंचावर बसविल्यास तप्त जमिनीलगतची हवा टळते. ग्राहकभिंग मोठे असल्यास तेजस्वी व अंधुक ठिपक्यांची सरासरी साधते. हलते आरसे शलाकेची दिशा सतत सुधारतात. कांगो नदीच्या दोन काठांवरील ब्राझाव्हिल व किन्शासा या राजधान्यांमध्ये २०२१ साली असा ४.८ किलोमीटरचा दुवा जोडण्यात आला आणि वीस दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट माहिती पलीकडे गेली. नदीला वळसा घालून जाणाऱ्या तारेला ४०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते.

नदी वा दरीमुळे जेथे तार टाकणे अवघड, तेथे ही पद्धत उपयोगी ठरू शकते. मात्र जागेची पाहणी केवळ सकाळी वा सायंकाळी करणे फसवे ठरते. सूर्योदय व सूर्यास्ताच्या सुमारास जमीन आणि हवा यांचे तापमान जवळपास समान होते व खळबळ ओसरते. दुव्याची खरी कसोटी भर दुपारच्या उन्हातच लागते. म्हणून मोजणीही त्या वेळी झाली पाहिजे.