नळ आला म्हणून...



खुर्ची ठेवली आहे, तरी मी उभीच राहते. वर्गात बडबड केली की बाई उभं करायच्या. आता वीस मिनिटांहून जास्त बसवत नाही, म्हणून स्वतःहून उभी राहते.

सात वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्यातली गादी सरकली आणि नस दाबली गेली. ऑपरेशन झालं. सगळ्यांना वाटलं, सुटली. पण डावा पाय मांडीपासून करंगळीपर्यंत आजही जळतो, मध्येच करंट बसावा तशी कळ जाते. एमआरआयमध्ये दाब दिसत नाही. मी सॉफ्टवेअरवाली; चूक सापडली की दुरुस्त होते, एवढंच मला ठाऊक. दोन वर्षं मी ती चूक शोधत दवाखाने पालथे घातले.

शेवटी एका डॉक्टरांनी नीट सांगितलं : दाब गेला, तरी इजा झालेली नस दुखण्याचे निरोप पाठवतच राहते. पुन्हा ऑपरेशन केलं तर गुण येण्याची शक्यता आणखी कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुनाट वेदनेची स्वतंत्र नोंद आहे, हेही तेव्हाच कळलं. मी घरी येऊन रडले. दुखणं जाणार नाही म्हणून, आणि ते खरं आहे असं कोणीतरी म्हणालं म्हणूनही.

मग उपयोगी पडलं ते मनमाड. आठवतं ना, पंधरा-पंधरा दिवसांनी नळ यायचा? आई पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं भरून ठेवायची. नळ आला म्हणून त्याच दिवशी सगळं पाणी कोणी उधळत नसे. मी मात्र जरा बरं वाटलं की घर आवरायचे, ऑफिसचं साचलेलं उरकायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. आता ताकद मोजून वापरते. गोळी वेळेवर, चालणं रोज, थोडं काम आणि मग उठणं. बऱ्या दिवशीही तेवढंच. दुखणं आहेच, पण अंथरुणातले दिवस कमी झालेत.

एक विनंती. ‘अजून बरी नाही झालीस?’ असं विचारू नका. उत्तर देताना मलाच अपराधी वाटतं. ‘आज कसं आहे?’ एवढं विचारा. आपल्यातलं आणखी कोणी असं दुखणं लपवत असेल, तर त्यालाही.

उद्या सगळे अंकाईला जाणार आहात. मी जैन लेण्यांपर्यंत येईन. पुढे तुम्ही चढा. डबे माझ्यापाशी ठेवा.