धुराचे वजन आणि ताग्याचा प्रवास



शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत साहित्याऐवजी गिरणीच्या धुराविषयी बोलण्याची मुभा आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय वाटतो तितका परका नाही. जळगावहून तापीच्या खोऱ्यातून उधन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाने आपल्या खानदेशची माणसे कित्येक पिढ्या सुरतेस जात आली आहेत. सुरतेच्या आग्नेय अंगास वसलेल्या लिंबायतच्या गल्ल्यांतून मराठी आणि अहिराणी आजही सहज कानी पडते. या सभागृहात असे घर क्वचितच असेल, ज्याचा एखादा आप्त लिंबायत, उधना किंवा डिंडोली येथे मागावर, टेम्पोवर अथवा रंगाईखात्यात नाही. मी स्वतः सुरतेच्या एका प्रक्रिया-गिरणीत अनेक वर्षे बॉयलर आणि वाफेची व्यवस्था सांभाळली. माझा अधिकार असलाच तर तेवढाच.

प्रथम एका साडीचा प्रवास पाहू. यंत्रमागावरून उतरलेला कोरा तागा, ज्याला बाजार ‘ग्रे’ म्हणतो, व्यापाऱ्याकडे जातो. तेथून रंगाई-छपाईसाठी पांडेसरा, सचिन किंवा कडोदऱ्याच्या गिरणीत. तेथून रिंग रोडच्या बाजारात. मग भरतकामासाठी किंवा लेस लावण्यासाठी तो पुन्हा वस्त्यांत येतो. लिंबायतमधील कितीतरी स्त्रिया घरबसल्या हे काम करतात. त्यानंतर तो परत बाजारात, घडी होऊन गाठीत, आणि अखेर वाहतूकदाराच्या गुदामात. शहराची हद्द ओलांडण्यापूर्वीच साडी शहरात चारपाच वेळा फिरून येते आणि दर फेरीत टेम्पोचा धूर मागे ठेवते. परतीचा टेम्पो पुष्कळदा रिकामा असतो. कोणाही एका मालकाच्या हिशेबात हा खर्च दिसत नाही, कारण प्रत्येकाच्या वहीत केवळ एकच फेरी असते.

लांबच्या प्रवासाला मात्र वाट सापडली आहे. २०२१ पासून उधन्याहून कापडाच्या खास मालगाड्या बंगाल-बिहारकडे सुटू लागल्या. तेवढाच माल ट्रकने नेण्यास जेवढे इंधन लागते, त्याच्या अल्पांशात रेल्वे तो नेते. शहरांतर्गत फेऱ्यांचे तसे नाही. चारपाच मालकांनी माल एकत्र करून एक मोठी गाडी भरावी, ही सूचना कागदावर निर्दोष आहे. परंतु तिने लहान टेम्पोवाल्याची आणि हमालाची मजुरी बुडते, आणि ती माणसे आपलीच असतात. हा प्रश्न डावलून केलेली योजना टिकेल असे मला वाटत नाही.

आता गिरणीकडे वळू. सुरतेचे कापड मुख्यतः पॉलिएस्टरचे. त्याचा धागा रंग सहजी आत घेत नाही. बंद यंत्रात, दाबाखाली, सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत पाणी तापवावे लागते, तेव्हा रंग धाग्यात शिरतो. म्हणून रंगाई म्हणजे मूलतः पाणी तापविण्याचा धंदा आहे आणि ही उष्णता येते कोळसा नि लिग्नाइट जाळून. वाफेने आपली उष्णता दिली की तिचे पुन्हा पाणी होते. ते गरम आणि स्वच्छ असते. ते बॉयलरकडे परत न्यावे, इतकी साधी गोष्ट. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंशांनी अधिक गरम असले तर इंधनात साधारण एक टक्का बचत होते. मी होतो त्या गिरणीत हे पाणी वर्षानुवर्षे गटारात सोडले जात होते. कारण विचाराल, तर परतीची नळी टाकण्यासाठी एक खाते आठ दिवस बंद ठेवावे लागले असते! अखेर एका दिवाळीत कारागीर गावी गेले असताना ती नळी पडली. त्यानंतर कोळशाची गाडी किती दिवसांनी मागवायची, याचा हिशेब कोठीवाल्याला नव्याने मांडावा लागला.

परंतु कोळसा कमी होणे आणि धूर कमी होणे या भिन्न गोष्टी आहेत. चिमणीतून निघणारी सूक्ष्म धूळ अडविण्यास कापडी पिशव्यांची गाळणी किंवा पाण्याचे फवारे लागतात. ते बहुतेक गिरण्यांत बसविलेले असतात. चालू किती वेळ असतात, हा खरा प्रश्न. पूर्वीचा नियम धुराची तीव्रता पाही, आणि तपासनीस येई अधूनमधून. तो येणार त्या दिवशी गाळणी नीट चाले.

यासंदर्भात सुरतेत २०१९ साली जे घडले, ते जगात प्रथमच घडले. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने शिकागो, येल आदी विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने सूक्ष्म धुळीच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू केला. चिमण्यांवर अखंड नोंद घेणारी यंत्रे बसली. गिरण्यांच्या एका गटाने मिळून महिन्याला किती टन धूळ सोडावी याची मर्यादा ठरली, आणि तेवढ्या किलोंचे परवाने निघाले. बहुतांश फुकट, उरलेले लिलावाने. ज्याची धूळ कमी, त्याने उरलेले परवाने विकावेत. ज्याची अधिक, त्याने विकत घ्यावेत. तुलनेसाठी सोडत काढून काही गिरण्या या बाजारात घेतल्या आणि काही जुन्या नियमाखालीच ठेवल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बाजारातील गिरण्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली, आणि ती घटविण्याचा खर्चही कमी आला. हवा विकायला काढली, अशी टीका मी ऐकली आहे. मला ती पटत नाही. धुराला प्रथमच वजन मिळाले, आणि गाळणी बंद ठेवण्याला किंमत पडली. मात्र या तराजूत केवळ धूळ तोलली जाते. कर्बवायू तीत नाही आणि रंगाचे पाणीही नाही.

पाण्याविषयी थोडेच सांगतो. लिंबायतमधून मिठी खाडी वाहते. पावसाळ्यात ती फुगली की सखल वस्तीत पाणी शिरते, आणि त्या पाण्याबरोबर काय काय घरात येते, हे तेथील गृहिणीस विचारावे. जमेची बाजू ही की २०१४ पासून सुरत महानगरपालिका बमरोली येथे शहराचे सांडपाणी त्रिस्तरीय पद्धतीने शुद्ध करून दररोज ४० दशलक्ष लिटर पाणी पांडेसऱ्याच्या गिरण्यांना विकू लागली. पुढे डिंडोलीतही असे केंद्र झाले. म्हणजे तापीचे तेवढे गोडे पाणी रंगाईत जाण्याचे वाचले. १९९४ च्या प्लेगानंतर, १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरविले आणि सुरतेची सफाई झाली, हे आपणांस ठाऊक आहे. कचरा डोळ्यांना दिसतो. धूर आणि गरम पाणी यांचा माग घेण्यास मापयंत्र आणि वाचणारा माणूस, दोन्ही लागतात.

माझी तक्रार नेमकी येथे आहे. चिमणीचे आकडे मंडळाकडे जातात, मालकाकडे जातात, विद्यापीठांत जातात. ज्या कारागिराच्या छातीत ती धूळ उतरते, त्याला आपल्या भाषेत ते वाचावयास मिळत नाहीत. आकड्यांवर आपला काय हक्क, असेही त्याला वाटते. शिवाय बोललो तर काम जाईल ही धास्ती. ही धास्ती खोटी नाही. तथापि महिन्याच्या मजुरीचा हिशेब पै-पैने ठेवणारा माणूस किलोने मोजलेला धूर समजून घेऊ शकणार नाही, हे मी मानत नाही.

ग्रंथालयाकडे माझे मागणे लहान आहे. लिंबायतमधील आपल्या मंडळींना मराठी पुस्तकांची पेटी पाठविण्याचा विचार या वर्षी चालू आहे. तीत एक नोंदवही ठेवावी: दर महिन्याचे जाहीर होणारे आकडे, आणि चिमणी, गाळणी, परवाना, दंड यांचा सुबोध मराठीत अर्थ. तिचा नमुना मी कार्यवाहांकडे दिला आहे. त्यातील चारसहा शब्दांना मला चांगले मराठी पर्याय सुचले नाहीत. आपणांपैकी कोणास, विशेषतः अहिराणी जाणणाऱ्यांस, सुचले तर त्यांनी ते नमुन्याच्या समासात लिहून ठेवावेत.