हलव्यातला तीळ आणि सोन्याचा पहिला कण

सोलापुरात गड्ड्याची जत्रा आली की संक्रांत आली, आणि संक्रांत आली की काटेरी हलवा. हलव्याचा दाणा कधी फोडून बघितलाय? आत तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा सापडतो. मंद आचेवर तीळ फिरवत राहायचा, वर थोडा थोडा पाक सोडायचा. साखरेला बसायला जागा मिळते, थरावर थर चढतो आणि काटा येतो.

आता मला सांगा, तीळच नसेल तर? पहिला दाणा कशावर बसणार? आजचा भाग याच प्रश्नावर आहे. फक्त साखरेच्या जागी सोनं घेऊया.

सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवला की फिकट पिवळं द्रावण मिळतं. ते उकळत असताना सोडियम सायट्रेट टाकायचं. पिवळा रंग जातो आणि काही मिनिटांत द्रावण गडद लाल होतं. हा लाल रंग सोन्याच्याच कणांचा! एक कण साधारण 20 नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीचा जवळपास चार हजारावा भाग. प्रेग्नन्सी टेस्टच्या किंवा कोविडच्या अनेक किटमध्ये जी लालसर रेघ उमटते, ती अशाच कणांची असते.

पण हा कण जन्मतो कसा? सायट्रेट सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं, सुटे अणू तयार होतात आणि ते एकत्र यायला बघतात. इथेच खरी अडचण आहे. समजा 13 अणूंचा घोळका जमला, एक मध्ये आणि भोवती 12. म्हणजे जवळजवळ सगळेच बाहेरच्या बाजूला! बाहेरच्या अणूला शेजारी कमी, त्यामुळे त्याची पकड सैल. असे छोटे घोळके जमतात आणि परत विरघळतात. एका ठरावीक आकाराच्या पुढे गेला तरच घोळका टिकतो आणि वाढतो. त्या टिकलेल्या घोळक्याला आपण बीज म्हणू. बीज धरण्याच्या या क्रियेला शास्त्रज्ञ न्यूक्लिएशन म्हणतात.

ती हद्द ओलांडायला अणूंची खूप गर्दी लागते, म्हणजेच द्रावण अतिसंपृक्त व्हावं लागतं. 1950 मध्ये लामेर आणि डिनेगर यांनी गंधकाच्या कणांवरून हे छान समजावलं. गर्दी वाढत जाते, हद्द ओलांडली की एकदम भरपूर बीजं धरतात. त्यात गर्दी ओसरते, म्हणून नवी बीजं धरत नाहीत. उरलेले अणू असलेल्या बीजांवरच बसतात. सगळे कण एकाच वेळी जन्मले तर सगळे सारख्या आकाराचे होतात. जन्म लांबत गेले तर काही थोराड, काही चिमुकले. किटसाठी असा माल चालत नाही, कारण आकार बदलला की रंगही बदलतो आणि रेघेवर भरवसा राहत नाही.

1973 मध्ये फ्रेन्स यांनी नुसतं सायट्रेटचं प्रमाण बदलून 16 ते 147 नॅनोमीटरपर्यंतचे कण बनवले. सायट्रेट जास्त, तर बीजं जास्त आणि कण लहान. तेवढाच पाक चमचाभर तिळावर चढवा किंवा मूठभर तिळावर, हिशोब तोच!

कॉलेजात प्रॅक्टिकल करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. भांड्यातली धूळ, काचेवरचा ओरखडा, आधीच्या प्रयोगाचं चिकटलेलं सोनं, हे सगळे नको असलेले तीळच. म्हणून प्रयोगशाळेत ही भांडी आम्लराजाने धुतात. ते मात्र घातक रसायन आहे, सरांशिवाय हात लावायचा नाही. लालऐवजी जांभळं द्रावण आलं तर आधी भांड्याकडे बघा.

आता एक आपल्याकडची गोष्ट. 2004 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या जातीतल्या गवताचा अर्क सोन्याच्या द्रावणात घातला. उकळायची गरजच पडली नाही, साध्या तापमानालाच चपटे त्रिकोणी स्फटिक मिळाले! आधी गोल कण झाले, मग ते एकमेकांत मिसळून त्रिकोण बनले असावेत, असं त्यांना दिसलं. म्हणजे वाढ फक्त अणूवर अणू बसूनच होते असं नाही, कण कणाला मिळूनही होते.

तर यंदा हलवा खाताना आतला तीळ आठवा. सोन्याला तो आयता मिळत नाही, स्वतःच तयार करावा लागतो. आणि किती तीळ धरले, कधी धरले, यावरच पुढचं सगळं ठरतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!