हेडफोनचा मुका कान

मंडळी, हेडफोनचा एक कान मुका झाला की आपण तो उकिरड्यावर टाकतो. थांबा! लेक रात्री त्यावर धडे ऐकते, म्हाताऱ्यांची झोप मोडत नाही. नवा घ्यायचा तर मजुरीचे पैसे जातात.

पिनेजवळ वायर हलवून बघा. आवाज येतो-जातो? मग वायर तिथंच आतून तुटली आहे. मोबाइलमधून पिन काढा, तुटका भाग कापा. नव्या पिनेचं टोपण आधी वायरीत ओवा. मागून ते जायचं नाही!

साध्या, बिनमाइकच्या हेडफोनमध्ये बहुधा लाल तार उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, तांब्याच्या रंगाची दोघांची. रंग म्हणजे लाखेसारखा मुलामा. तो खरवडा, नाहीतर डाख धरत नाही. पिनेचं टोक डाव्याचं, मधली कडी उजव्याची, मागचा भाग दोघांचा. तारा एकमेकींना टेकू देऊ नका. टोपण बसवण्याआधी गाणं लावून दोन्ही कान तपासा. चुकलं असेल तर डाख पुन्हा वितळवता येतो.