उठलेल्या प्रभूने सूड घेतला नाही



उपवासकाळ संपत आला. आज पवित्र शनिवार. दिवसभर मिस्सा नाही, वेदी उघडी आहे, घंटा मुकी आहे. प्रभू कबरेत आहे आणि आपण वाट पाहतो आहोत. आजच्या चिंतनासाठी योहानच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडून ठेवा. मी आज झाशीहून बोलतो आहे, लक्ष्मी गेटपासून. या गावाचं आणि आजच्या दिवसाचं एक नातं आहे. ते आधी सांगतो.

झाशीच्या जुन्या तटाच्या दरवाजांपैकी ओरछा, दतिया, सागर यांना गावांची नावं आहेत. लक्ष्मी गेटची वाट मात्र महालक्ष्मीच्या देवळाकडे आणि लक्ष्मी तलावाकडे जाते. तलावाजवळच गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. 21 नोव्हेंबर 1853 रोजी ते वारले. त्याआधी तान्हा मुलगा गेला होता. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीसाठी ही छत्री उभारली. म्हणजे ही वाट एका मराठी घराच्या प्रार्थनेची आणि दुःखाची वाट आहे.

आता तारखा ऐका. 8 जून 1857. किल्ल्यातून बाहेर पडलेल्या सुमारे साठ युरोपियनांना शहराबाहेर जोखन बागेत ठार करण्यात आलं. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सर ह्यू रोज यांच्या फौजेनं झाशीला वेढा दिला. 1 एप्रिल 1858 रोजी बेतवा नदीच्या काठी तात्या टोपे यांचा पराभव झाला. 3 एप्रिलला फौज तट चढून शहरात शिरली. 4 एप्रिलच्या रात्री राणी किल्ला सोडून काल्पीच्या वाटेला लागली. गल्ल्यांमधून कत्तल आणि लूट चालूच राहिली. ती डोळ्यांनी पाहून जिवंत परतलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये तिची हकिगत लिहून ठेवली आहे.

1858 साली पास्काचा रविवार 4 एप्रिलला आला होता. म्हणजे बेतवेची लढाई झाली ती पवित्र गुरुवारी. तट पडला तो आजच्या दिवशी, पवित्र शनिवारी. आणि जगभर पुनरुत्थानाचा सण चालला होता, त्या दिवशी झाशीत माणसं मारली जात होती. मारणाऱ्यांमध्ये हिंदी शिपाई होते, तसेच बाप्तिस्मा झालेले गोरे शिपाईही होते. त्यांच्या तोंडी जोखन बागेचं नाव होतं.

मी मराठी आहे आणि ख्रिस्ती आहे. म्हणून या तारखा मला ओलांडून जाता येत नाहीत. ‘ते इंग्रज होते, आपण नव्हे’ असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांनी आणि आपण एकाच क्रुसाची खूण केली आहे. त्यामुळे त्या क्रुसाला काय म्हणायचं होतं, हे आपल्यालाच विचारलं पाहिजे.

गुरुवारच्या रात्री बागेत पेत्रानं तलवार उपसली. कारण साधं होतं, त्याच्या गुरूला धरायला लोक आले होते. प्रभूनं त्याला तलवार म्यानात घालायला सांगितलं. शुक्रवारी खिळे ठोकणाऱ्यांसाठी त्यानं पित्याजवळ क्षमा मागितली. आणि रविवारी?

विचार करा, मरणातून उठलेला माणूस कुठे जाईल? पिलाताच्या वाड्यावर जाईल. महायाजकाच्या दारात उभा राहील. आपल्या गोष्टींमध्ये तसंच घडतं, अन्याय झालेला परत येतो तो हिशेब चुकता करायला. योहानाच्या विसाव्या अध्यायात प्रभू परत येतो आणि जातो भीतीनं दारं लावून बसलेल्या आपल्या माणसांकडे. यांतलेच बहुतेक त्याला टाकून पळाले होते. तो त्यांना जाब विचारत नाही. पहिला शब्द काढतो तो शांतीचा. मग हात आणि कूस दाखवतो. आणि लगेच पापांची क्षमा करण्याचं काम त्यांच्या हाती सोपवतो.

इथे नीट थांबूया. जखमा भरून आलेल्या नाहीत. प्रभूनं त्या झाकल्या नाहीत, थोमाला तर बोट घालून पाहायला सांगितलं. म्हणजे क्षमा करणं म्हणजे काही घडलंच नाही असं म्हणणं नव्हे. जोखन बागेत काय झालं ते सांगावं. एप्रिलमध्ये झाशीच्या गल्ल्यांत काय झालं तेही सांगावं. दोन्ही जखमा दाखवाव्यात. पण एका जखमेचा हिशेब दुसरी जखम करून मिटत नाही. दहा महिन्यांनी घेतलेल्या सुडानं जोखन बागेतलं एकही मूल परत आलं नाही.

आज आपल्या हातात तलवार नाही, मोबाइल आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या मढ्यांचा हिशेब शेजाऱ्याकडून वसूल करा, असे निरोप त्यावर रोज येतात. आणि घरात? वाडीच्या बांधावरून दोन भाऊ बोलत नाहीत. आईच्या आजारपणात कोण आलं नाही, याची यादी पाठ असते. चाळीस दिवस आपण मटण सोडलं, पण ही यादी सोडली का?

आज रात्री जागरणविधीत अंधारात पास्काची मेणबत्ती पेटेल. तिच्यावर चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात आणि पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच खडे बसवलेले असतात. जखमा तशाच आहेत, आणि त्याच मेणबत्तीतून उजेड येतो आहे. तिच्यावरून आपली मेणबत्ती पेटवण्याआधी एक नाव मनात आणा, ज्याच्याकडून तुमचं काही येणं आहे असं तुम्हाला वाटतं. उद्या त्या माणसाला फोन करा. झालेल्या गोष्टींचा विषय काढू नका. पास्काच्या शुभेच्छा द्या, एवढंच.

प्रार्थना करूया. हे उठलेल्या प्रभू, जोखन बागेतल्या मृतांना आणि झाशीच्या गल्ल्यांतल्या मृतांना तुझ्या एकाच शांतीत विसावा दे. तुझं नाव घेऊन उगारलेला हात खाली आण. आणि आमच्या बंद दारांतून आत ये. आमेन.